ओढ्यातली नोकरी

आपल्याकडे मासा हा वन्यप्राणी समजला जात नाही. तो बाजारातला जिन्नस समजला जातो. त्यातही तो गोड्या पाण्यातला असेल, तर ठाण्यातल्या कोणत्याही मासे खाणाऱ्या घरात त्याचा निकाल एका शब्दात लागतो, ‘मातकट’. पापलेट, सुरमई, बोंबील यांच्यापुढे ओढ्यातल्या खवलीला किंवा दांडवणीला कोण विचारणार? दर जूनमध्ये निकाल लागले की ओळखीपाळखीतली मुले-मुली माझ्याकडे येतात, आपल्याला वन्यजीवांसाठी काम करायचे आहे असे उत्साहाने सांगतात, आणि मी गोड्या पाण्यातल्या प्रजातींविषयी बोलू लागले की त्यांच्या चेहऱ्यांवर एक सभ्य निराशा उमटते. वाघ नाही तर नाही, बिबट्या नाही तर नाही, निदान रोहित पक्षी तरी असावेत अशी त्यांची अपेक्षा असते, आणि ठाण्याच्या मुलांनी ती बाळगावी यात गैर काहीच नाही. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. थंडीत ऐरोलीहून सुटणाऱ्या बोटींतून शेकडो माणसे गुलाबी थवे पाहून येतात. मात्र ती खाडी आहे, खारे पाणी आहे. येऊरच्या आणि पारसिकच्या डोंगरांतून उतरून तिला मिळणारे जे गोड्या पाण्याचे ओढे आहेत, त्यांची आठवण आपल्याला बहुधा जुलैत रस्त्यावर पाणी तुंबले की होते, आणि तेव्हा आपण त्यांना नाले म्हणतो.

या दुर्लक्षित पाण्यात किती जीवसृष्टी आहे, हे आधी सांगितले पाहिजे. नद्या, तळी आणि पाणथळ जागा मिळून पृथ्वीच्या पृष्ठभागाचा एक टक्काही भरत नाही, तरी जगातल्या ज्ञात माशांपैकी सुमारे निम्म्या जाती तेवढ्या पाण्यात राहतात. मासे, चतुर-टाचण्या, खेकडे आणि झिंगे अशा गोड्या पाण्यातल्या तेवीस हजारांहून अधिक प्रजातींचा एकत्रित आढावा २०२५ च्या आरंभी प्रसिद्ध झाला. त्यांतल्या जवळजवळ चौथ्या हिश्शाच्या प्रजाती नामशेष होण्याच्या धोक्यात आहेत. पश्चिम घाटाचा आढावा त्याआधी, २०११ मध्ये झाला होता. त्यात तपासलेल्या २९० जातींच्या माशांपैकी एक तृतीयांशाहून अधिक संकटग्रस्त ठरल्या. कारणे कोणाला नवी वाटणार नाहीत: धरणे, सांडपाणी, वाळूउपसा, बाहेरून आणून सोडलेले मासे. वाघाच्या बाबतीत या प्रमाणात घट झाली असती तर संसदेत प्रश्न विचारले गेले असते. माशाच्या बाबतीत फार तर भाव वाढतो.

म्हणून या क्षेत्रात येणाऱ्याने पहिली गोष्ट स्वीकारायची, ती अशी की आपण ज्या प्राण्याचे रक्षण करणार आहोत, तो समोरच्या माणसाच्या कालवणात आहे, आणि तो माणूस आपला शत्रू नाही. ही गोष्ट वर्गात शिकवता येत नाही. ती वलगणीच्या दिवसांत मुरबाड-शहापूरकडे गेल्यावर कळते. मृगाचा पहिला मोठा पाऊस पडून काळू, भातसा, बारवी यांना मिळणारे ओहोळ तांबूस होऊन वाहू लागले की नदीतले मासे त्या पाण्याच्या उलट दिशेने चढतात आणि थेट भाताच्या खाचरांपर्यंत येतात. उथळ, कोमट, नुकत्याच भिजलेल्या गवताच्या पाण्यात अंडी घालायची आणि पाणी ओसरण्याच्या आत परत फिरायचे, असा हा थोड्या दिवसांचा खेळ असतो; यालाच वलगण म्हणतात. त्या रात्री गावातली माणसे बॅटऱ्या, पाग (फेकायची जाळी) आणि काठ्या घेऊन बांधावर उभी असतात. वलगणीच्या माशांचे कालवण, त्यातली गाभोळी, हे ठाणे, पालघर आणि रायगडच्या कितीतरी घरांत वर्षातून एकदाच होणारे सणाचे जेवण आहे. आणि जीवशास्त्राच्या भाषेत सांगायचे, तर ती प्रजननासाठी निघालेल्या माद्यांची, अंडी घालण्याच्या ऐन आधी केलेली पकड आहे. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत, आणि नवख्या कार्यकर्त्याला यांपैकी एकच विधान ऐकू येते.

मुरबाड तालुक्यातल्या एका ठाकूरवाडीतल्या वृद्ध गृहस्थांबरोबर मी अनेक पावसाळे ओहोळावर बसले आहे. त्यांना मी बाबा म्हणते. एकदा मी त्यांना विचारले की चढणारा मासा कोणता आणि उतरणारा कोणता, हे अंधारात तुम्हाला कसे कळते. ते म्हणाले, “ताई, चढता मासा भांडतो, उतरता मासा दमलेला असतो. आमचा आजा बोलायचा, चढत्याला हात लावायचा नाय. आता कोन थांबतो? खालच्या अंगाला येनार त्या गाड्या, पेट्रोमॅक्स, जाळी. आमी थांबलो तर आमालाच उपास.” या वाक्यांत मत्स्यव्यवस्थापनाचा बराचसा अभ्यासक्रम आला आहे. समुद्रात १ जून ते ३१ जुलै अशी मासेमारीबंदी असते आणि मच्छिमार, सरकार आणि खवय्ये तिघेही ती गृहीत धरतात. ओढ्यांत पूर्वी वाडीचा संकेत होता. तो मोडला, आणि त्याच्या जागी कोणताही नियम ओढ्यापर्यंत पोहोचलेला मला दिसला नाही.

बाबांनी दाखवलेले एक दृश्य मी प्रत्येक नवख्या मुलाला आवर्जून दाखवते. पाऊस थोडा स्थिरावल्यावर एखाद्या शांत डबक्याच्या पृष्ठभागावर लालसर-केशरी ठिपक्यांचा एक पुंजका हलताना दिसतो. पाणी जणू तेवढ्याच जागी उकळत असते. ती मरळीची पिले असतात, आणि त्यांच्या नेमके खाली, शेवाळाच्या सावलीत, त्यांचे आईबाप राखण करत असतात. पिलांचा पुंजका हवा घेण्यासाठी वर येतो, पुन्हा बुडतो, थोडे अंतर सरकतो, आणि खालची काळपट आकृती त्याच्याबरोबर सरकते. ज्याला मरळ मारायची आहे त्याला यापेक्षा सोपी खूण नाही. पुंजक्याखाली गळ टाकला की राखणदार त्यावर तुटून पडतो. राखणदार गेला की उरलेली पिले बेडूक, ढोकरी आणि इतर मासे यांच्या पोटात जायला फारसा वेळ लागत नाही. हे एकदा प्रत्यक्ष पाहिलेला मुलगा पुढे मरळ खाणे सोडतोच असे नाही. (मीही सोडलेले नाही.) पण जुलैत पुंजक्यावर गळ टाकणाऱ्याशी दोन शब्द बोलण्याचा अधिकार आणि धीर त्याला येतो.

तरीही वलगणीलाच दोष देऊन मोकळे होणे मला मान्य नाही. वाडीतल्या माणसाने काठीने मारलेल्या माशांपेक्षा कितीतरी अधिक नुकसान ओढ्यावर रस्ता बांधताना घातलेल्या सिमेंटच्या नळाने होते. नळाचे खालचे तोंड ओढ्याच्या तळापेक्षा थोडे उंच बसवलेले असते. दोन-तीन पावसाळ्यांत तोंडाखालची माती वाहून जाते आणि तिथे फूट-दीड फुटाची धार तयार होते. बोटभर लांबीच्या माशासाठी ती धार म्हणजे धरणच. त्याच्या वरच्या अंगाला खाचरे आहेत, गवत आहे, पाणी आहे, फक्त मासा नाही. ठाणे जिल्ह्यात शेतीचे प्लॉट पडत असताना असे नळ किती बसले, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही, आणि या विषयात शिरू पाहणाऱ्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला मी सुचवते की त्याने माशांची नावे पाठ करण्याआधी हे नळ मोजावेत. उन्हाळ्यात ओढा आटून नुसते डोह उरतात, तेव्हा संपूर्ण ओढ्याचे मासे त्या डोहांत आश्रयाला असतात. त्यात ब्लीचिंग पावडर किंवा कीटकनाशक ओतून एका दुपारी सगळा डोह साफ करणारे लोकही आहेत. तो गुन्हा आहे, कायदा जुना आहे, आणि अंमलबजावणीविषयी न बोललेले बरे.

आता ओळखीविषयी. पक्षी ओळखायला दुर्बीण आणि पुस्तक पुरते. मासा पाण्याबाहेर काढल्याशिवाय ओळखता येत नाही आणि बाहेर काढला की त्याचा रंग बदलू लागतो. त्यामुळे आम्ही एक पांढरा ट्रे आणि पुस्तकाएवढी अरुंद काचेची टाकी बरोबर नेतो. पहाटेच्या आसनगाव लोकलमध्ये ही टाकी मांडीवर घेऊन बसले की शेजारची बाई हमखास विचारते, “फिश टँकचा धंदा का?” जाळ्यातला मासा ओल्या हाताने टाकीत सोडायचा, एका बाजूने छायाचित्र घ्यायचे, मग मोजायला बसायचे: पाठीच्या पराचे काटे किती, तोंडाशी मिशांची एक जोडी की दोन, कल्ल्यापासून शेपटीपर्यंत जाणारी पार्श्वरेषा पूर्ण की अर्ध्यावर तुटलेली, तिच्यावर खवले किती. ज्यांना आपण सरसकट खवली म्हणतो, त्यांत अनेक जाती दडलेल्या असतात आणि त्या एकमेकींपासून वेगळ्या काढायला कधी कधी एवढीच मोजणी हाताशी असते. मळ्या हा मासा मात्र ओळख पटवून देण्यात उदार आहे. टाकीत सोडताच तो काचेला तोंडाने चिकटतो आणि त्याच्या हनुवटीखालची मांसल चकती, जिच्या आधाराने तो पुराच्या लोंढ्यातही दगड सोडत नाही, ती काचेच्या या बाजूने आपल्याला आयती पाहायला मिळते. हा मासा शास्त्राला ज्याने सांगितला त्या कर्नल साइक्सने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची वर्णने प्रसिद्ध करताना इथल्या मच्छिमारांच्या तोंडची नावेच शास्त्रीय नावांत घेतली होती, म्हणजे या विषयात पहिले मार्गदर्शक कोण असतात हे जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीच ठरलेले आहे.

हे काम चिकाटीचे आहे, चमकदार नाही, आणि म्हणूनच एका मोहापासून सावध राहायला मी सांगत असते. तो मोह म्हणजे पाण्यात काहीतरी सोडण्याचा. पर्यावरण दिन आला की कोणाला तरी तळ्यात मत्स्यबीज सोडायचे असते, छायाचित्र चांगले येते, पाहुण्यांना पिशवीतून पिले ओतण्याचे समाधान मिळते. परंतु आपल्या गोड्या पाण्याचा अलीकडचा इतिहास हा बऱ्याच अंशी चांगल्या हेतूने सोडलेल्या माशांचा इतिहास आहे. धरणांत आणि तळ्यांत वाढवले जाणारे रोहू, कटला आणि मृगळ हे मुळात गंगेच्या खोऱ्यातले. कोकणच्या पश्चिमवाहिनी नद्यांत त्यांचे माहेर नाही. आफ्रिकेतला तिलापिया १९५२ मध्ये अन्नासाठी भारतात आणला गेला आणि आज तो जिथे नाही असे तळे शोधावे लागते. डासांच्या अळ्या खाण्यासाठी गॅम्बुझिया १९२८ मध्ये आला, त्याच कामासाठी गप्पी वाटले जातात. बंद हौदात ते ठीक आहेत, पण ओढ्यात गेले की ते अळ्यांबरोबर इतर माशांची अंडी आणि पिलेही खातात. गंमत अशी की डोक्यावर चकाकता ठिपका असलेला आणि पृष्ठभागालगत फिरणारा ॲप्लोकायलस हा आपला स्वतःचा मासा डासांच्या अळ्या आवडीने खातो, पण त्याला पिशवीत भरून वाटण्याचे कोणाला सुचत नाही. आफ्रिकन मांगूरवर देशात २००० पासून बंदी आहे, राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाने त्याची तळी वेळोवेळी नष्ट केली आहेत, आणि तरी तो बाजारात सापडतो, कारण तो कोणत्याही घाण पाण्यात, कोणत्याही खाद्यावर वाढतो. पुरात असे एक तळे फुटले की पुढचे सांगायला नको.

या यादीतले सर्वात बोधप्रद उदाहरण मात्र परदेशी माशाचे नाही, आपल्याच महासीरचे आहे. लोणावळ्याच्या तलावाकाठी टाटांच्या वीजकंपनीने १९७० च्या दशकापासून दख्खनी महासीरची पैदास चालवली. घटत चाललेला एक मोठा नदीतला मासा कृत्रिमरीत्या वाढवता येतो हे तिथे सिद्ध झाले आणि ते काम कोणालाही अभिमान वाटावा असेच होते. तिथली पिले देशभर अनेक ठिकाणी गेली, त्यांत कावेरीचे खोरेही होते. कावेरीत मात्र पन्नास किलोंहून अधिक वाढणारा, पाठीवर कुबड असलेला एक वेगळा महासीर आधीपासून राहत होता. तो वेगळा आहे हे गळ टाकणाऱ्यांना ठाऊक होते. शास्त्रात त्याची नेमकी ओळख पटून, ‘टॉर रेमादेवी’ या नावाखाली तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला जाईपर्यंत २०१८ उजाडले. दरम्यानच्या काळात नदीत दख्खनी महासीर वाढत गेले आणि कुबडवाला विरळ होत गेला. नव्याने सोडलेल्या माशांशी स्पर्धा हे त्यामागचे एक कारण असल्याचे संशोधकांनी मांडले. एका नदीत ज्याला वाचवायचे तोच शेजारच्या खोऱ्यात आगंतुक ठरतो. कोणता मासा कुठला, ही बाब केवळ संग्रहालयातल्या बाटल्यांपुरती नाही, हे मुलांना पटवायला मला याहून चांगली गोष्ट सापडलेली नाही. उलट जिथे कोणी काहीच सोडले नाही, फक्त पकडले नाही, तिथे काय होते हे पाहायचे असेल तर वाडा तालुक्यात वैतरणेकाठच्या तिळसेश्वराच्या देवळाशी किंवा महाडजवळच्या वाळण कोंडीवर जावे; देवाचे मासे म्हणून राखलेले महासीर तिथे हातभर अंतरावर दिसतात. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमापाशी २०२० मध्ये ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ हा छोटा मासा शास्त्राला नव्याने कळला आणि पुढच्याच वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. कुंडातल्या माशासाठी एवढ्या तातडीने सरकारी कागद हलतो, हे मी स्वतः पाहिले नसते तर मानले नसते.

शिक्षण कुठे घ्यावे, या प्रश्नाला माझे उत्तर थोडे कडवट असते. मत्स्यविज्ञानाची महाविद्यालये, उदाहरणार्थ रत्नागिरीजवळचे शिरगाव, किंवा वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था, ही प्रामुख्याने उत्पादनाचा विचार करतात. मासा किती दिवसांत किती ग्रॅम वाढतो हा तिथला प्रश्न. प्राणिशास्त्राची पदवी घेतलेल्याला वर्गीकरणाची तोंडओळख असते, पण पाण्याचा प्रवाह, तळाची वाळू, विरघळलेला प्राणवायू यांचे मोजमाप त्याने क्वचितच केलेले असते. वन्यजीवशास्त्राचे अभ्यासक्रम देहरादून आणि बंगळुरूला आहेत, उत्तम आहेत, जागा मोजक्या आहेत. म्हणून मी सांगते की पदवी कोणतीही असो, उरलेले अर्धे स्वतः शिकावे लागेल. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे ग्रंथालय आणि संग्रह मुंबईत आहे, भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. बाटलीतला जुना नमुना हातात घेऊन आपल्या छायाचित्राशी ताडून पाहण्याला पर्याय नाही. पाण्याचा नमुना गाळून त्यातल्या डीएनएवरून कोणत्या जाती आहेत हे ओळखण्याचे तंत्र आता रुळते आहे आणि तरुणांना त्याचे आकर्षण वाटणे साहजिक आहे, परंतु त्यासाठी ज्या संदर्भनोंदी लागतात त्या कोणीतरी ट्रे घेऊन ओढ्यात उभे राहिल्याशिवाय तयार होत नाहीत.

मुलांबरोबर आलेले आईवडील पगार विचारतात, आणि तो विचारलाच पाहिजे. नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊन संशोधन प्रकल्पात कनिष्ठ अधिछात्रवृत्ती मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहेत. नेट नसेल तर प्रकल्प सहायकाला यापेक्षा बरेच कमी मिळतात आणि प्रकल्प संपला की नोकरीही संपते. सुरुवातीच्या काळात रफर्डसारख्या विदेशी प्रतिष्ठानांची लहान अनुदाने मिळू शकतात, पण ती कामासाठी असतात, त्यांवर घर चालत नाही. बरेच जण मग पर्यावरणीय परिणाम अहवाल तयार करणाऱ्या सल्लागार कंपन्यांकडे वळतात. मीही एका कंपनीसाठी काही काळ असे काम केले. सर्वेक्षण मार्चमध्ये, नदीचे नुसते डोह उरलेले असताना, आणि तेही दोन दिवसांत आटोपायचे होते; अहवालाचा मसुदा हाती आला तेव्हा त्यात माझ्या यादीत नसलेली, त्या खोऱ्यात कधीही न राहिलेली माशांची नावे होती, कारण कोणीतरी उत्तरेकडच्या एका जुन्या अहवालातला तक्ता उचलून घातला होता. मी लेखी हरकत घेतली, तक्ता बदलला गेला, आणि त्यानंतर त्या कंपनीने मला पुन्हा बोलावले नाही. तरीही मी मुलांना या कामाकडे पाठ फिरवा असे सांगत नाही. धरण, रस्ता, वसाहत यांविषयीचे निर्णय याच अहवालांवरून होतात, आणि तिथे मासा ओळखणारे माणूस बसलेले नसेल तर तक्ता उचलणारे माणूस बसते.

स्थानिक पातळीवर आणखी एक वाट आहे, जिच्याकडे अजून फार थोड्यांचे लक्ष गेले आहे. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायत, नगरपालिका आणि महापालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला हवी. मी पाहिलेल्या नोंदवह्यांत झाडांची पाने भरभरून आहेत, पक्ष्यांचीही आहेत, आणि माशांच्या पानावर बहुधा रोहू, कटला, मरळ एवढे लिहून रेघ ओढलेली असते. हे पान नीट भरण्यासाठी ना पीएच.डी. लागते ना मोठे अनुदान. लागतो एक ओढा, एक सबंध वर्ष, आणि वाडीतल्या ज्येष्ठांचा विश्वास. ज्यांच्या हाताला असे एखादे भरलेले पान आहे, त्यांना पुढे प्रकल्पात घेताना मी गुणपत्रिका नंतर पाहते. फक्त एक व्यावहारिक सूचना: येऊरसारख्या राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतल्या ओढ्यात जाळे टाकायचे असेल तर वनविभागाची लेखी परवानगी लागते, तिला महिने जातात, आणि मेच्या अखेरीस अर्ज केलेल्याच्या हाती ती पडते तेव्हा मासे चढून, अंडी घालून परत उतरलेले असतात. अर्ज दिवाळी झाली की करावा, आणि त्याची पोच जपून ठेवावी.